ॲप कोणतेही घ्या, पण यादी कोणाची ते आधी विचारा

भडगाव, पाचोरा, चाळीसगाव या पट्ट्यातली कॉलेजात जाणारी पोरे हल्ली आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. जुने आणि जगभरातले चांगले सिनेमे बघायचे असतील तर कोणते ॲप घ्यावे? नेटफ्लिक्स, प्राइम की मुबी? प्रश्न ऐकून आम्हाला आनंद होतो. ज्यांच्या आजोबांनी जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये जमिनीवर बसून सिनेमा बघितला, त्यांची नातवंडे आज इटलीचा, सेनेगलचा, जपानचा सिनेमा मागत आहेत. ही लहान गोष्ट नाही.

पण या प्रश्नाचे जे उत्तर बाजारात मिळते ते आम्हाला मान्य नाही. बाजार सांगतो, इथे सिनेमे जास्त, तिथे चित्र स्वच्छ, तिसरीकडे पैसे कमी. फ्रिज घेताना करतात तशी ही तुलना. पडद्यावर कोणाचे आयुष्य दिसायचे आणि कोणाचे नाही हे ठरवणारी माणसे कोण, हा प्रश्न त्या तुलनेत कुठेच नसतो. आपल्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिकू दिले गेले नाही. त्यांच्या लेकरांनी ग्रंथालयाची चावी कोणाकडे आहे हे विचारल्याशिवाय पुस्तकांच्या संख्येचे कौतुक करू नये.

म्हणून आम्ही भडगावात आमच्यापुरती एक तुलना केली. सहा जणांनी वर्गणी काढली, एका कार्यकर्त्याच्या घरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि दर महिन्याला एक सेवा घेऊन पाहिली. कसोट्या चार ठेवल्या. यादी कोण करतो? आपल्या माणसाला परवडते का? आपल्या भाषेत समजते का? आणि आज दिसलेला सिनेमा उद्या तिथे राहतो का? खालचा हिशेब या चार प्रश्नांचा आहे.

दुकाने आणि त्यांचा माल

नेटफ्लिक्सपासून सुरू करू. जुना जागतिक सिनेमा बघायचा असेल तर हे दुकान जवळजवळ रिकामे आहे. त्यांचा भर स्वतः काढलेल्या किंवा नव्याने विकत घेतलेल्या मालावर. तरीही आपल्या कामाचे तिथे काहीच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. नीरज घेवानचा ‘होमबाउंड’ २०२५ च्या मे महिन्यात कान महोत्सवात दाखवला गेला, सप्टेंबरमध्ये आपल्याकडे थिएटरात लागला आणि नोव्हेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर आला. त्याच घेवानची ‘गीली पुच्ची’ ही छोटी फिल्म २०२१ पासून तिथे आहे. कारखान्यात काम करणाऱ्या दलित बाईच्या मनात काय चालते हे ती फिल्म कुठलेही भाषण न करता सांगते. दर मात्र बघा. मोबाइलवरचा सगळ्यात स्वस्त प्लॅन महिना १४९ रुपये, सगळ्यात महाग ६४९. वर २०२३ च्या जुलैपासून एका घराबाहेर पासवर्ड वाटून घेण्यावर बंदी.

प्राइमचा दर वर्षाला १४९९ रुपये, आणि तेवढे भरूनही २०२५ च्या जूनपासून मध्येच जाहिराती. त्या नको असतील तर वेगळे पैसे. पण आपल्या दृष्टीने प्राइमवरचा तमिळ कप्पा महत्त्वाचा आहे. पा. रंजितचा ‘सारपट्टा परंबरै’, मारी सेल्वराजचा ‘कर्णन’, आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आलेला ‘जय भीम’ तिथूनच आपल्यापर्यंत पोचले. खानदेशातल्या पोराला तमिळ दलित दिग्दर्शकाचे नाव तोंडपाठ झाले ते त्यामुळे. आपल्या शेजारच्या मालेगावात शिवणयंत्र, लूम आणि लग्नाच्या व्हिडिओच्या पैशावर उभ्या राहिलेल्या सिनेमाची गोष्टही, ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’, तिथेच आहे. म्हणजे मालेगावच्या पोरांनी कॅमेरा सायकलवर बांधून केलेले काम जगाने बघायला अमेरिकन कंपनीचा शिक्का लागला. यात अभिमान किती मानायचा आणि लाज किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मुबी हे खऱ्या अर्थाने जागतिक सिनेमाचे दुकान. भारतात ते २०१९ च्या शेवटी आले. तिथे यंत्र नव्हे, माणसे सिनेमे निवडतात, आणि निवडही बहुतेकदा डोळसपणे करतात. इराण, जपान, आफ्रिका, लॅटिन अमेरिका यांच्याशी ओळख करून घ्यायची असेल तर आमचे मत मुबीच्या बाजूने पडते. पण परदेशी सिनेमाखालच्या ओळी इंग्रजीत. भडगावातल्या मराठी माध्यमाच्या पोराने जपानी सिनेमा बघायचा तर आधी इंग्रजीचा डोंगर चढायचा. दुसरी गोष्ट पैशाच्या स्रोताची. २०२५ साली सिकोया या अमेरिकन भांडवलदार संस्थेने मुबीत दहा कोटी डॉलर घातले. त्याच संस्थेचे पैसे इस्रायलच्या लष्करी तंत्रज्ञान कंपनीत आहेत म्हणून जगभरच्या दिग्दर्शकांनी मुबीला जाब विचारला. पॅलेस्टाइनवरचा सिनेमा बघताना आपली वर्गणी कोणत्या रस्त्याने जाते हे विचारणे आपल्यालाही टाळता येणार नाही.

ज्याचे नाव सिनेमावेडे लोक देवासारखे घेतात ते क्रायटेरियन चॅनल. २०१९ साली सुरू झाले, पण ते फक्त अमेरिका आणि कॅनडात चालते. पुण्या-मुंबईचे काही जण आडवाटेने ते बघतात आणि ते न बघणाऱ्याला अडाणी समजतात. त्यांच्याबद्दल पुढे बोलू.

फुकटात दोन जागा आहेत. पहिली यूट्यूब. आनंद पटवर्धन यांनी आपले अनेक माहितीपट तिथे खुले केले आहेत. सोमनाथ वाघमारे यांचा भीमा कोरेगाववरचा माहितीपटही तिथे आहे. दुसरी प्रसार भारतीचे वेव्हज. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या महोत्सवात त्याचे उद्घाटन झाले आणि त्यावर दूरदर्शनचा जुना ठेवा बघायला मिळतो. हे दुकान सरकारी आहे, म्हणजे आपल्या करातून उभे राहिले आहे. तिथे काय असावे हे मागण्याचा आपल्याला हक्क आहे. बाकीच्यांकडे आपण गिऱ्हाईक आहोत, इथे मालक आहोत. हा फरक विसरू नका.

आता परवडण्याचे बघू. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दिवसाचा दर ३१२ रुपये. नेटफ्लिक्सचा वरचा प्लॅन म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली, तीही एका महिन्यासाठी. प्राइमचे वर्ष म्हणजे जवळपास पाच दिवस. त्यावर मोबाइलचे रिचार्ज. दिवसाला दीड जीबीचा २८ दिवसांचा जिओ प्लॅन २०२४ च्या जुलैत २३९ वरून २९९ वर गेला. दोन तासांचा सिनेमा नीट बघितला की त्या दिवसाचा डेटा संपला. केळीच्या बागेत, कापसाच्या रानात राबणाऱ्या आईच्या पोराला ‘महिन्याला फक्त इतके रुपये’ असे सांगणाऱ्या जाहिरातीत तो ‘फक्त’ शब्द कोणासाठी आहे?

‘क्लासिक’ कोण ठरवतो?

खरा मुद्दा इथून सुरू होतो. क्लासिक म्हणजे काळाच्या कसोटीवर उतरलेला सिनेमा, असे आपल्याला शिकवले जाते. काळ बोलत नाही. काळाच्या नावाने माणसे बोलतात.

क्रायटेरियनचेच उदाहरण घ्या. जगातल्या उत्तम सिनेमांचा संग्रह म्हणून त्याची ख्याती. २०२० साली न्यूयॉर्क टाइम्सने मोजदाद केली तेव्हा हजाराहून अधिक सिनेमांच्या त्या संग्रहात आफ्रिकन अमेरिकन दिग्दर्शक निघाले फक्त चार. अमेरिकेत काळी माणसे सिनेमा काढत नव्हती का? ऑस्कर मिशो नावाचा काळा माणूस १९१९ पासून सिनेमे काढत होता. शेतकरी होता, स्वतः लिहिलेली पुस्तके दारोदार विकायचा, त्या पैशातून त्याने सिनेमा उभा केला. पण तो यादी करणाऱ्यांच्या ओळखीचा नव्हता.

दुसरे उदाहरण ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाचे. दर दहा वर्षांनी ते जगातल्या सर्वोत्तम सिनेमांचा कौल घेते. २०१२ साली मते देणारे समीक्षक होते ८४६, २०२२ साली झाले १६३९. मतदारांत नवे देश, नव्या पिढ्या आल्या आणि निकाल बदलला. शांताल अकरमान या बाईने १९७५ साली काढलेला ‘जान दीलमन’ पहिल्या क्रमांकावर आला. स्वयंपाकघरात बटाटे सोलणाऱ्या बाईचा तो सिनेमा. त्या दहा वर्षांत सिनेमा बदलला नव्हता, मतदारयादी बदलली होती. मतदारयादीत कोण आहे यावर निकाल ठरतो ही गोष्ट बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे १९१९ मध्येच मांडली होती. मताधिकाराचे जे तत्त्व, तेच कलेच्या यादीला लागू आहे.

आपल्याकडच्या यादीत काय असते? जातीवरचा सिनेमा म्हटले की १९३६ चा ‘अछूत कन्या’, १९५९ चा ‘सुजाता’. दोन्ही सिनेमांतली अस्पृश्य मुलगी सुंदर, सोशिक आणि स्वतःचा जीव देणारी किंवा स्वतःचे रक्त देणारी. सवर्णाच्या मनाला पाझर फुटावा म्हणून तिने झिजायचे. हे सिनेमे बघू नका असे आम्ही म्हणत नाही. जरूर बघा. पण ते क्लासिक, आणि आचार्य अत्र्यांचा १९५४ चा ‘महात्मा फुले’ मात्र जुन्या मराठी बोलपटांच्या ढिगात एक, हे कोणी ठरवले? ज्या सिनेमाच्या मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब हजर होते, ज्यात गाडगेबाबा पडद्यावर आहेत, ज्याला उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले, तो सिनेमा आपल्या किती पोरांनी पाहिला आहे? आम्ही पाहिली ती प्रत अंधुक होती, आवाज खरखरत होता. युरोपातला त्याच वर्षीचा सिनेमा आरशासारखा लख्ख दिसतो. पैसा आणि मेहनत कोणाच्या आठवणीवर खर्च होते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

आहे ते राहीलच असे नाही

चौथी कसोटी टिकण्याची. आपण वर्गणी भरतो तेव्हा सिनेमा विकत घेत नाही, दाराशी उभे राहून बघण्याची परवानगी घेतो. दार कधी लावायचे ते मालक ठरवतो. २०२४ च्या जानेवारीत ‘अन्नपूर्णी’ हा तमिळ सिनेमा तक्रारी झाल्याबरोबर नेटफ्लिक्सवरून काढला गेला. ना कोर्टाचा निकाल, ना सुनावणी.

‘संतोष’चे प्रकरण याहून गंभीर आहे. संध्या सुरी यांचा हा हिंदी सिनेमा. नवऱ्याच्या जागी पोलिसात लागलेली विधवा एका दलित मुलीच्या बलात्कार आणि खुनाचा तपास करते. २०२४ मध्ये कानला दाखवला गेला, ब्रिटनने तो ऑस्करला पाठवला. आपल्या सेन्सॉर मंडळाने २०२५ मध्ये तो अडवला. नंतर ऑक्टोबरमध्ये लायन्सगेट प्लेवर तो येणार असे जाहीर झाले, तेही थांबले. कायद्याने बघितले तर ओटीटीला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागत नाही, तिथे २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू होतात. पण जे थिएटरात अडते ते ॲपवर दाखवण्याची हिंमत कोणात नाही. लंडनचा माणूस आपल्या वस्तीवरचा सिनेमा बघू शकतो, भडगावचा नाही.

आणि २०२५ चा ‘फुले’? जोतिबांच्या जयंतीला, ११ एप्रिलला लागायचा होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला आणि तो दोन आठवडे पुढे गेला. मंडळाने जातींची नावे, ‘पेशवाई’ हा शब्द, मनूच्या व्यवस्थेचा उल्लेख बदलायला लावला. आता शंभर वर्षे मागे जा. मिशोने १९२० साली ‘विदिन अवर गेट्स’ काढला. काळ्या मुलांची शाळा चालवण्यासाठी एक तरुण शिक्षिका पैसे उभे करायला उत्तरेत जाते, अशी गोष्ट. सावित्रीमाईंची लेकरे असलेल्या आपल्याला ती परकी वाटेल का? त्यात गोऱ्या झुंडीने काळ्या कुटुंबाला झाडाला लटकवल्याचे दाखवले होते. शिकागोच्या सेन्सॉरने आधी नकार दिला. कारण? दंगल होईल! अत्याचार केल्याने दंगल होत नाही, दाखवल्याने होते. १९२० चे शिकागो आणि २०२५ ची मुंबई, दोन्हीकडे व्यवस्थेची भाषा एकच.

त्या सिनेमाची पुढची कथा तर प्रत्येक जयंती मंडळाने ऐकावी. अमेरिकेतल्या सगळ्या प्रती नाहीशा झाल्या. पन्नासेक वर्षांनी एक प्रत स्पेनमध्ये सापडली, स्पॅनिश नावाने. तिच्यावरून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने १९९३ मध्ये सिनेमा पुन्हा उभा केला. आज तो इंटरनेटवर कोणीही फुकट बघू शकतो. एक प्रत परदेशात राहिली म्हणून एका समाजाची साक्ष वाचली. आपली साक्ष कोणाच्या कपाटात आहे?

आता स्वतःकडे

दुसऱ्याला शिव्या देऊन थांबणे सोपे आहे. म्हणून चार कटू गोष्टी आपल्याच माणसांना.

पहिली गोष्ट टेलिग्रामची. ‘कशाला पैसे भरता, सगळे फुकट मिळते’ असे सांगणारे दर वस्तीत आहेत. अमेरिकन कंपनीचे दोन रुपये बुडाले म्हणून आम्ही रडणार नाही. पण आपल्यातला एखादा दिग्दर्शक कर्ज काढून माहितीपट करतो आणि त्याचीच चोरलेली प्रत आपण ‘जयभीम’ लिहून ग्रुपवर फिरवतो, तेव्हा आपण कोणाचा गळा दाबत असतो? त्याने पुढचा सिनेमा कशातून काढायचा?

दुसरी गोष्ट जयंतीची. १४ एप्रिलला एका रात्रीच्या डीजेवर जो पैसा उडतो त्याच्या थोड्याशा भागात प्रोजेक्टर, पांढरा पडदा आणि बरा स्पीकर येतो, आणि तो पुढची अनेक वर्षे टिकतो. भीमराव कर्डकांच्या जलशांनी खेडोपाडी बाबासाहेबांचा विचार पोचवला. तो जलसा म्हणजे त्या काळचा आपला पडदा होता. वर्गणीतून चालायचा, अंगणात व्हायचा, आपल्या बोलीत बोलायचा. आपण जलसा सोडला आणि हातात फक्त आवाजाच्या भिंती उरल्या.

तिसरी गोष्ट त्या आडवाटेने क्रायटेरियन बघणाऱ्या मित्रांची. त्यातले काही आपलेच आहेत, शिकून शहरात गेलेले. जागतिक सिनेमाची नावे घेऊन ते वस्तीतल्या पोराला गप्प करतात. बाबासाहेब कोलंबियाहून, लंडनहून आले ते पुस्तकांच्या पेट्या घेऊन आले आणि त्या ज्ञानाने त्यांनी महाडचे पाणी चेतवले. मिळालेले ज्ञान वाटायचे नसेल तर ती नवी ब्राह्मणगिरी आहे, मग जात कोणतीही असो.

चौथी गोष्ट, ‘पोटाला नाही आणि सिनेमे कसले बघता?’ असे म्हणणाऱ्या जुन्या कार्यकर्त्यांची. त्यांचा मान राखून सांगतो, दादा, १९७२ मध्ये आपल्या पोरांनी संघटनेला ‘पँथर’ नाव दिले ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांची ओळख झाली म्हणून. जगातल्या इतर दबलेल्यांची ओळख ही चैन नव्हे. जपानमध्ये बुराकू समाजाला आपल्यासारखेच जन्मावरून अस्पृश्य ठरवले गेले. त्यांच्यातल्या एका शिक्षकाला जात लपवून जगावे लागते, यावर कोन इचिकावाने १९६२ साली ‘हाकाई’ काढला. नोकरीच्या गावी आडनाव सांगताना अडखळणाऱ्या आपल्या पोराने तो बघितला तर त्याला कळेल की लाज आपली नाही, ती व्यवस्थेची आहे.

विहारातला बोलका पडदा

टीका पुरे, काम सांगतो. आमच्याकडे आम्ही एका रविवारी संध्याकाळी विहारात ‘बायसिकल थीव्ज’ दाखवला. व्हित्तोरिओ दे सिकाचा १९४८ चा इटालियन सिनेमा. खालच्या ओळी इंग्रजी. म्हणून एका पोराने दोन दिवस आधी त्या लिहून काढल्या आणि पडद्याशेजारी उभा राहून मराठीत, मध्येच अहिराणीत, सांगत गेला. जपानमध्ये मूकपटांच्या काळी असे सांगणारे असत, त्यांना बेन्शी म्हणत. आपल्या शाहिराला हे काम नवे नाही.

सिनेमातल्या बाईने सायकल सोडवायला घरातल्या चादरी गहाण टाकल्या तेव्हा पुढे बसलेली एक आजी मोठ्याने म्हणाली, “हाई ते आपलंच घर शे!” नंतर पोरासमोर बापाला चोर म्हणून धरतात तेव्हा विहारात चिटपाखरू बोलले नाही. त्या आजीला इटली कुठे आहे ते माहीत नाही. पण क्लासिक म्हणजे काय ते तिला आमच्याआधी कळले. त्या रात्री सायकल, गहाणवट, पोलीस आणि नोकरी यावर जी चर्चा झाली ती कोणत्याही ॲपच्या शिफारशीत सापडणार नाही.

हे सगळ्यांना करता येते, आणि कायद्याच्या आत राहून करता येते. आपल्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे राहतो. म्हणजे १९६४ पर्यंतचे सिनेमे सिनेमा म्हणून त्या हक्कातून मोकळे झाले आहेत. ‘महात्मा फुले’ त्यात आला. अण्णाभाऊंच्या कादंबरीवरचा १९६३ चा ‘फकिरा’ आला. दे सिका आला, मिशो आला. कथा, गाणी, नव्याने दुरुस्त केलेली प्रत यांचे हक्क वेगळे असू शकतात, म्हणून आधी आपल्यातल्या एखाद्या वकिलाला विचारा आणि तिकीट लावू नका. नव्या सिनेमासाठी थेट दिग्दर्शकाला लिहा. घरगुती वर्गणीवर सार्वजनिक खेळ करू नका, आपल्याला बंद पाडायला टपलेल्यांच्या हाती निमित्त का द्यायचे?

आणि सरकारकडे मागायचे ते मागाच. जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ केंद्राच्या आणि महाराष्ट्राच्या पैशातून झाला. मग तो स्वच्छ मराठी आवृत्तीत प्रत्येक अनुदानित ग्रंथालयात, प्रत्येक मागासवर्गीय वसतिगृहात कायमचा फुकट का नसावा? महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यावर अ, ब, क, ड वर्गाची ग्रंथालये अनुदान घेतात. अमेरिकेत ग्रंथालयाचे कार्ड असले की कनोपी नावाच्या सेवेवर जगातले उत्तम सिनेमे फुकट बघता येतात. आपल्या भडगावच्या वाचनालयात का नाही? केरळ सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये ‘सीस्पेस’ नावाचे स्वतःचे ओटीटी काढले. सिनेमा बघायचा तेव्हा ७५ रुपये, त्यातला निम्मा वाटा निर्मात्याला. फाळक्यांचा महाराष्ट्र, पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय असलेला महाराष्ट्र, यात मागे का?

तर मग कोणते ॲप?

पोरांनो, सरळ उत्तर घ्या. वर्षभर कोणतेच घेऊ नका. वर्गणी काढून एक महिना मुबी घ्या आणि रोज बघा. एक महिना प्राइम, तमिळ कप्पा संपवा. एक महिना नेटफ्लिक्सचा स्वस्त प्लॅन, घेवानच्या फिल्म बघा. उरलेले नऊ महिने यूट्यूब, वेव्हज आणि विहार. बघितलेल्या प्रत्येक सिनेमावर वहीत पानभर लिहा, ते गटात वाचा. वर्षाअखेरीला त्या वहीतून आपल्या वस्तीची यादी निघेल. आपल्या मतदारांनी केलेली आपली यादी.

१९३७ च्या ३१ जुलैला बाबासाहेब धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्कामी होते. आजही दर ३१ जुलैला आपली माणसे तिथे भीमस्मृती यात्रेला जातात. त्या एका मुक्कामाची आठवण खानदेशात जिवंत आहे ती पायी, सायकलीवर, ट्रॅक्टरमध्ये बसून जाणाऱ्या माणसांमुळे. कोणत्या कंपनीने ती जपून ठेवलेली नाही, म्हणून कोणाला ती काढूनही टाकता येत नाही. आपल्या सिनेमाचेही तसेच व्हावे. येत्या ३१ जुलैला यात्रेहून परतल्यावर विहारात पडदा लावा. पहिला खेळ ‘महात्मा फुले’चा करा. प्रत अंधुक असली तरी चालेल. बघणारे डोळे आपले असले म्हणजे झाले.

जयभीम!